कार्डांचा भाव कोण ठरवतं? पोकेमॉन, जॉर्डन आणि गुंतवणुकीचा फुगा

सह्यकडा

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. इंटर्नशिपचे साठलेले पैसे पोकेमॉनच्या खेळायच्या कार्डांच्या सीलबंद बॉक्समध्ये घालावेत का, असं त्याने विचारलं. त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणीतरी ‘अमुक कार्ड इतक्या लाखांना गेलं’ असे फोटो टाकतं, आणि एफडीपेक्षा हे बरं असं तिथे सर्रास बोललं जातं. त्याला उत्तर लिहिता लिहिता लांबलं, म्हणून धागाच काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे अडवावं.

मला मुख्यतः एक गोष्ट मांडायची आहे. कार्डाचा जो भाव आपल्या कानावर येतो तो शेवटच्या एखाद्या सौद्याचा असतो. आपल्या हातातलं कार्डही त्याच भावाला जाईल याची हमी कुणीच दिलेली नसते.

मायकेल जॉर्डनचं १९८६-८७ च्या फ्लीअर संचातलं ५७ क्रमांकाचं कार्ड घ्या. बास्केटबॉल कार्डांमध्ये याच्याइतकं प्रसिद्ध कार्ड क्वचितच असेल. पीएसए ही अमेरिकन कंपनी कार्ड तपासून त्याला १ ते १० गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. या कार्डाच्या १० गुण मिळालेल्या प्रती तीनशेच्या वर आहेत. २०२० च्या सुरुवातीला अशी प्रत लाख डॉलरच्या बरीच आत मिळत होती. मग लॉकडाऊन लागला. खेळ बंद, लोक घरी, अमेरिकेत सरकारकडून खात्यात आलेले पैसे आणि त्यातच जॉर्डनवरची माहितीपट मालिका. जानेवारी २०२१ च्या अखेरीस एकाच लिलावात दोन प्रती प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेल्या. वर्ष उलटायच्या आत तेच कार्ड दोन-अडीच लाखांच्या घरात आलं.

आता हिशेब करा. तीनशे प्रती गुणिले ७,३८,००० म्हणजे २२ कोटी डॉलरहून जास्त. त्या रात्री जगभरातल्या तीनशे मालकांना वाटलं असेल की आपण सगळे मिळून एवढ्याचे धनी आहोत. प्रत्यक्षात तो भाव देणारे फक्त दोन गिऱ्हाईक होते. तिसरा, चौथा, दहावा माणूस त्याच भावाला उभा आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं. मालक विकायला निघाले तेव्हा ते कळलं.

याला जोडून आणखी एक गोष्ट घडत होती. भाव चढताच लोकांनी पेट्यांमधली, माळ्यावरची कार्डं काढून तपासणीला पाठवली. इतकी, की मार्च २०२१ अखेर पीएसएला बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. याचा अर्थ असा की भाव शिगेला होते तेव्हा पुरवठ्याचा मोठा भाग कंपनीच्या गोदामात अडकून पडला होता. तो डब्यांत बंद होऊन महिनोन्महिने नंतर बाजारात उतरत राहिला. शिखरावर खरेदी करणाऱ्याला ‘माल दुर्मीळ आहे’ असं दिसत होतं, पण ती दुर्मीळता रांगेमुळे आलेली होती.

एडिसनवासी

चांगला धागा. इकडचं, अमेरिकेतलं जुनं उदाहरण देतो, कारण नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट आणि नव्वदीची सुरुवात या काळातल्या बेसबॉल कार्डांना इथे ‘जंक वॅक्स’ म्हणतात, म्हणजे मेणकागदी पाकिटांतला कचरा. त्याआधी वर्तमानपत्रांत १९५० च्या दशकातल्या कार्डांच्या चढत्या किमतींच्या बातम्या यायच्या. ते वाचून आईवडिलांनी मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून बॉक्सच्या बॉक्स घेऊन ठेवले. टॉप्स, फ्लीअर, डॉनरस, स्कोअर, अपर डेक सगळेच धडाधड छापत होते. १९८९ च्या अपर डेक संचातलं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं, फार गाजलेलं. आज त्याच्या पीएसएने तपासलेल्या प्रतींचीच संख्या लाखाच्या घरात आहे. न तपासलेल्या किती असतील याची कल्पना करा. माझ्या ओळखीच्या एका शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये त्या काळातले सीलबंद बॉक्स अजून आहेत. एवढी वर्षं जागा अडवून आज त्यांची किंमत साधारण तेव्हा दिली तेवढीच, महागाई धरली तर त्याहून खाली.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि आधीच डगमगणारा बाजार बसला. मार्व्हल कॉमिक्सने १९९२ मध्ये फ्लीअर विकत घेतली होती, नंतर स्कायबॉक्सही. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामागे कार्ड व्यवसायाची पडझड हे एक मोठं कारण होतं. इतक्या मोठ्या कंपनीला फुगा ओळखता आला नाही.

आणि बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड एवढं महाग का? त्या संचाची उरलेली खोकी टॉप्सने १९६० च्या सुमारास बार्जवर लादून आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली. टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगितलेली ही हकीकत आहे. कार्ड दुर्मीळ झालं कारण ते जपावं असं तेव्हा कुणाला वाटलंच नाही. ज्या वस्तू विकत घेतानाच लाखो लोक प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवतात त्या दुर्मीळ कशा होणार?

अवंती_के

मी कार्डं जमवते, खेळतेही. दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण तुम्ही सगळे आकडे पडझडीचेच देताय.

त्याच मँटल कार्डाची सर्वोत्तम मानली जाणारी प्रत मालकाने १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला घेतली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती १.२६ कोटी डॉलरला विकली गेली. ३१ वर्षांत अडीचशे पट, चक्रवाढीने वर्षाला साधारण १९ टक्के. पोकेमॉनच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीतलं चारिझार्ड या पात्राचं कार्ड, १० गुणांचं, मार्च २०२२ मध्ये ४,२०,००० डॉलरला गेलं. ते कार्ड मुळात काही डॉलरच्या पाकिटातून निघालेलं. पोकेमॉनच्या २०२१ च्या ‘इव्हॉल्व्हिंग स्काइज’ संचाचे सीलबंद बॉक्स आज छापील किमतीच्या कित्येक पटीला जातात, आणि त्यातही अनेकजण म्हणाले होते की छपाई प्रचंड आहे, वर जाणार नाही.

पोकेमॉन तीस वर्षं टिकलंय. तिसऱ्या पिढीतली मुलं खेळतायत. बेसबॉलसारखा मोजक्या देशांतला खेळ नाही हा. त्यामुळे ‘जंक वॅक्स’ची फूटपट्टी इथे सरसकट लावणं मला पटत नाही.

सह्यकडा

अवंती, मुद्दा रास्त आहे. पैसे झालेले लोक आहेत, ते मी नाकारत नाही. पण मँटलच्या ज्या प्रतीचा दाखला तुम्ही देताय ती ज्ञात प्रतींमधली अव्वल. १९९१ साली पन्नास हजार डॉलर देणारा माणूस तेव्हाही श्रीमंतच होता. त्याच वर्षी इतर हजारो लोकांनी त्या वर्षीचे नवे बॉक्स घेतले, त्यांचं पुढे काय झालं ते एडिसनवासींनी लिहिलंय. दोघांनीही ‘बेसबॉल कार्डात गुंतवणूक’च केली होती.

पोकेमॉन टिकेल, हे मलाही वाटतं. पण पोकेमॉन टिकणं आणि माझ्याकडच्या बॉक्सची किंमत टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या वर्षात पोकेमॉन कंपनीने ९०० कोटींहून जास्त कार्डं छापली. पुढच्या वर्षी जवळपास १,१९० कोटी. छापखान्याची कळ कंपनीच्या हातात आहे. मागणी वाढली की ती पुन्हा छापते, आणि खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तिने छापायलाच हवं.

मॅजिक : द गॅदरिंग या दुसऱ्या कार्डांच्या खेळाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९९५ मध्ये तो काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने ‘क्रॉनिकल्स’ नावाच्या संचात जुनी कार्डं पुन्हा छापली. ज्यांनी ती महाग घेतली होती त्यांचे भाव कोसळले, ओरड झाली. १९९६ मध्ये कंपनीने एक राखीव यादी जाहीर केली, की यातली कार्डं खेळासाठी पुन्हा छापणार नाही. ब्लॅक लोटससारख्या कार्डांच्या आजच्या किमती त्या एका वचनावर उभ्या आहेत. तरीही २०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने ब्लॅक लोटससह ती कार्डं वेगळ्या पाठीने छापलीच, स्पर्धेत न चालणारी, चार पाकिटं ९९९ डॉलरला. चाहते संतापले, पण कंपनी तांत्रिकदृष्ट्या वचनात बसत होती. पोकेमॉनच्या आपण घेतो त्या चालू संचांबाबत तर असं वचनही कुणी दिलेलं नाही.

कृष्णाकाठ

इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवा, २०१९ चं. पक्षी कंपनीनेच द्यायचे, अंडी आणि पक्षी जादा दराने तिनेच परत घ्यायचे. जोवर नवे शेतकरी येत होते तोवर दर मिळत होता. आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी कर्ज काढून शेड उभारले होते. बाजारात जाऊन कडकनाथ खाणारा माणूस शोधला असता तर खरा दर पहिल्याच दिवशी कळला असता.

भाच्याच्या ग्रुपमध्ये तेच बघा. विकणारे, भाव सांगणारे आणि ‘अजून वाढणार’ म्हणणारे एकच लोक आहेत का?

शून्यशेष

सीए आहे, पण इथे लिहितोय तो सर्वसाधारण हिशेब, सल्ला नव्हे. भारतातून हा उद्योग करणाऱ्यांचा खरा प्रश्न येण्याजाण्याच्या खर्चाचा आहे आणि त्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही.

समजा परदेशातून एक लाखाचं कार्ड मागवलं. लिलावातून घेतलं तर हातोडीच्या भावावर लिलावगृहाचं कमिशन, बहुतेक ठिकाणी २० टक्के किंवा जास्त. मग विमा उतरवून कुरिअर, सीमाशुल्क, आयजीएसटी, बँकेचं विनिमय शुल्क. हे सगळं मिळून ३० टक्के धरू. प्रत्यक्ष आकडा वस्तूगणिक बदलेल. म्हणजे घरात आलं तेव्हा खर्च १,३०,०००. विकताना गिऱ्हाईक बहुधा परदेशातच. ईबेसारख्या ठिकाणी विक्रेत्याकडून तेरा टक्क्यांच्या आसपास कापले जातात, वर पाठवणी. १५ टक्के धरा. १,३०,००० हातात यायला ते कार्ड जवळपास १,५३,००० ला विकलं गेलं पाहिजे. म्हणजे भाव ५३ टक्के चढला तर तुम्ही जिथे होतात तिथेच आहात. तेवढ्या काळात एफडीचं व्याज बुडालं ते वेगळं.

शिवाय कार्डाला लाभांश नाही, भाडं नाही, व्याज नाही. पुढचा माणूस जास्त देईल एवढ्यावरच सगळं. सेबीच्या कक्षेत हे येत नाही, म्हणून फसवणूक झाली तर पोलीस आणि ग्राहक आयोग. ग्रुप-अ‍ॅडमिनने स्वतःच दोन खात्यांतून बोली लावून भाव चढवला तर त्याला जाब विचारणारं कुणी नाही.

कराबाबत : नफा झाला तर आपापल्या सीएला विचारा, कारण छंद म्हणून ठेवलेली वस्तू आणि नियमित खरेदी-विक्री यांना वेगळे नियम लागतात. डिजिटल कार्डं एनएफटी स्वरूपात (म्हणजे मालकी ब्लॉकचेनवर नोंदलेली) असतील तर मात्र नियम कडक आहे. २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के आणि एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

मधली_फळी

डिजिटलचा विषय निघालाच आहे तर : बास्केटबॉलच्या चित्रफिती एनएफटी म्हणून विकणाऱ्या एनबीए टॉप शॉटवर फेब्रुवारी २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सच्या एका डंकची चित्रफीत २,०८,००० डॉलरला गेली होती. वर्षभरात तिथला बाजार ओसरला. गुंतवणूकदारांचा दावा ते चालवणाऱ्या डॅपर लॅब्सने २०२४ मध्ये ४० लाख डॉलर देऊन मिटवला. आपल्याकडे रॅरिओ या कंपनीने क्रिकेटपटूंची डिजिटल कार्डं विकली. दुसऱ्या कंपनीने खेळाडूंची नावं आणि चित्रं वापरली म्हणून ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. ज्याला लोक ‘अधिकृत परवाना, म्हणून मूल्य’ म्हणत होते त्या परवान्याची ताकद किती, हे तिथे दिसलं.

भिंग

नकली मालाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते भाव पडण्यापेक्षा हा धोका मोठा आहे.

पीएसएने सर्वात पहिल्यांदा तपासलेलं कार्ड म्हणजे टी-२०६ मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅगनरचं, १९०९-११ च्या काळातलं. त्याला ८ गुण मिळाले. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि भागीदाराने १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलर दिले. ते कार्ड हातोहात आणखी महाग होत गेलं. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात गुन्हा कबूल करताना सांगितलं की त्या कार्डाच्या कडा आपण छाटल्या होत्या. म्हणजे तपासणीच्या या पूर्ण धंद्याचं पहिलंच कार्ड कापलेलं निघालं.

यूट्यूबर लोगन पॉलने पहिल्या आवृत्तीच्या पोकेमॉन बॉक्सची एक पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. जानेवारी २०२२ मध्ये उघडली तर आत जी. आय. जो या खेळण्यांच्या मालिकेची कार्डं. त्या पेटीची सत्यता आधी जाणकारांनी पाहिली होती. सीलबंद मालाची पंचाईतच ही, की खरं आहे हे बघायला उघडावं लागतं आणि उघडलं की किंमत जाते.

सर्वात अलीकडचं प्रकरण पोकेमॉनच्या सुरुवातीच्या नमुना कार्डांचं. नव्वदीतली म्हणून ती तपासणी कंपनीकडून प्रमाणित होऊन मोठ्या रकमांना विकली गेली. २०२५ च्या सुरुवातीला संग्राहकांनीच त्यांतल्या काही कार्डांचे स्कॅन वाढवून पाहिले. अनेक रंगीत लेझर प्रिंटर कागदावर बारीक पिवळे ठिपके सोडतात, त्यांत छपाईची तारीख दडलेली असते. ती निघाली २०२४ ची. हे शोधणारे लोक तुमच्याआमच्यासारखे छंदी होते, कंपनीचे तज्ज्ञ नव्हते. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

आपल्याकडे जत्रेत, खेळण्यांच्या गाड्यांवर मिळणारी सोनेरी चकचकीत पोकेमॉन कार्डं नकलीच, हे बहुतेकांना माहीत असतं. फसगत होते ती ‘अमेरिकेतल्या काकांकडून आलेलं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुट्या पाकिटांत. वजन करून किंवा सील उघडून, चांगली कार्डं काढून पुन्हा चिकटवलेली पाकिटं सर्रास फिरतात.

टपालवेडा

मी तिकिटं जमवणारा जुना माणूस, कार्डांतलं कळत नाही. पण स्पेनमध्ये काय झालं ते सांगतो. फोरम फिलाटेलिको आणि अफिन्सा या दोन कंपन्या लोकांना टपाल तिकिटं विकायच्या आणि ठरलेल्या वाढीव भावाने परत घ्यायचं लिहून द्यायच्या. बँकेपेक्षा बरं व्याज. मे २००६ मध्ये पोलिसांनी छापे घातले तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक लोकांची बचत अडकली होती, त्यांत पेन्शनर फार. तिकिटं होती. भाव मात्र कंपन्यांनीच ठरवलेला. खुल्या बाजारात त्याचा किरकोळ हिस्साच येत होता.

आमच्यात म्हणतात, कॅटलॉगचा भाव बघायला आणि दुकानदाराचा भाव घ्यायला.

अर्चना_देशमुख_नाही

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. खाऊचे सगळे पैसे पाकिटांवर जातात. महागडं कार्ड निघालं की विकून सायकल घेईन म्हणतो. त्याला कसं समजवावं? ओरडून बघितलं, उपयोग नाही.

अवंती_के

अर्चनाताई, ओरडू नका. त्याला आवडणारं कार्ड सुटं विकत घेऊन द्या. बहुतेक कार्डं सुटी अगदी स्वस्तात मिळतात, पाकिटांच्या मागे लागून तेच काढायला गेलं तर कितीतरी पट खर्च होतो. पाकीट फोडणं ही सोडतच आहे, फक्त ती मुलांच्या खाऊच्या पैशांवर चालते. त्याला एक वही द्या : पाकिटांवर किती गेले, आतली कार्डं आज कुणी किती रुपयांना घेईल. दोन महिन्यांत त्याचं त्यालाच दिसेल. आणि खेळायला शिकवा. खेळायला लागलेल्या मुलाला कार्डात किमतीपलीकडचं काहीतरी दिसतं.

सह्यकडा, तुमच्याशी माझा वाद आहेच, पण या फुग्याचा मला खरा राग कशाचा आहे ते सांगते. मे २०२१ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली आणि टार्गेटने काही काळ कार्डं दुकानात विकणंच बंद केलं. मुलांच्या खेळण्यासाठी मोठी माणसं भांडत होती. इथेही नवा संच आला की आठवड्याभरात दुकानात बॉक्स शिल्लक नसतो, कारण कुणीतरी पाच घेऊन कपाटात ठेवलेले असतात. माझ्या शनिवारच्या खेळाच्या गटातल्या शाळकरी मुलांना छापील किमतीत पाकीट मिळत नाही. भाव पडले तर माझा संग्रह स्वस्त होईल, आणि मला ते चालेल.

सह्यकडा

अवंती, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता.

भाच्याला मी जे करायला सांगितलं ते इथे लिहितो, कुणाला उपयोग झाला तर बरं. ईबेवर मागितलेले भाव बघायचे नाहीत, ‘विकलं गेलं’ अशी नोंद असलेले बघायचे, तेही एक नाही तर दिसतील तेवढे सगळे. पीएसएच्या संकेतस्थळावर प्रत्येक कार्डाच्या प्रतींची संख्या असते. ती आज लिहून ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा बघायची. ती वाढत जाते. आणि घेण्याआधी त्याच ग्रुपवर उलटा प्रश्न टाकायचा : हाच बॉक्स माझ्याकडे आहे, आज रोख कितीला घ्याल?

त्याने टाकला. जो माणूस सकाळी बॉक्स विकत होता त्याने स्वतःच्या विक्रीभावाच्या निम्म्याच्या आसपास सांगितलं. बाकीच्यांनी ‘होल्ड कर’ म्हणून सल्ला दिला, विकत घेतो असं कुणी म्हणालं नाही. भाच्याने एक बॉक्स घेतला, मित्रांबरोबर फोडला, उरलेले पैसे बँकेत आहेत.

कृष्णाकाठ

वा. त्या ‘होल्ड कर’वाल्यांनी आम्हालाही असंच सांगितलं होतं.

रत्नांग्री

थोडं अवांतर, पण धोक्यातच मोडतं. कोकणात पावसाळ्यात माझी चमकणारी कार्डं वाटीसारखी वळली. साधी तशीच राहिली. वर्षानुवर्षं ठेवायची म्हणणाऱ्यांनी हे धरलंय का?

भिंग

चमकणाऱ्या कार्डात फॉइलचा थर ओलावा घेत नाही आणि कागद घेतो, म्हणून ती वळतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण जास्त नकोत, फार कोरडं झालं की उलट्या बाजूला वळतात. स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून कपाट असेल तर तिथे ठेवू नका. आणि वळलेलं कार्ड इस्त्रीखाली वगैरे अजिबात घालू नका, पुस्तकाच्या वजनाखाली डब्यातच काही आठवडे राहू द्या.

रत्नांग्री

धन्यवाद. गणपतीनंतर कळवते.